पडद्यावरचा पंच

निन्टेन्डोने १९८३ साली जपानात ‘बेसबॉल’ नावाचा व्हिडिओ गेम काढला. त्यात कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे चेंडू झेलणाऱ्याच्या, पाठीमागे एक पंच उभा असतो. मोजक्या ठिपक्यांचा, पेराएवढा. चेंडू येतो, पंच स्ट्राइक देतो. धावपटू बेसपाशी पोचतो, पंच बाद देतो. खेळणारा ओरडतो, ‘अरे, पोचला होता तो!’ पंच जागचा हलत नाही.

त्याला ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याला दिसतही नाही, हे ध्यानात यायला वेळ लागतो.

*

निर्णय त्या पंचाकडे येतो तो आधीच होऊन. यंत्राच्या स्मृतीत चेंडूची जागा आकड्यांत लिहिलेली, धावपटूची आकड्यांत, बेसची आकड्यांत. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो आणि त्याच लयीत हे आकडे एकमेकांशी ताडले जातात. निकाल निघाला की पंचाच्या चित्राला हुकूम सुटतो: आता बोल. दवंडी पिटणाऱ्याला निकालाची कारणे विचारून उपयोग नसतो.

जॅलेको कंपनीने १९८७ साली ‘मोएरो!! प्रो याक्यू’ काढला. पुढे अमेरिकेत तो ‘बेसेस लोडेड’ या नावाने गेला. पंचाचा आवाज माणसाचा वाटावा म्हणून जपानी कॅसेटमध्ये एक निराळी चिप बसवली होती. तोंडासाठी स्वतंत्र चिप. डोळ्यांसाठी काही नाही, कारण त्यांची गरजच नव्हती.

त्याच खेळातला एक दोष जपानी खेळाडूंच्या अजून आठवणीत आहे. ताकदीच्या फलंदाजाने बॅट नुसती आडवी धरून चेंडू थोपवला, म्हणजे बंट केला, तरी चेंडू कुंपणापलीकडे जाऊ शके. होम रन. पंच तो मान्य करी. खऱ्या मैदानावर असे झाले असते तर पंचाने खेळ थांबवला असता, बॅट हातात घेऊन बघितली असती, चेंडू मागवला असता. अशक्य काही घडले की डोळे चोळावेसे वाटतात. ज्याला तसे वाटत नाही तो बघत नाही.

*

तरीही निर्णय वादाचा का होतो? आकडे तर चुकत नाहीत.

खेळणारा आकडे बघत नाही म्हणून. त्याच्यापुढे चित्र असते. निन्टेन्डोच्या त्या यंत्रात पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठपेक्षा जास्त हलते तुकडे एका वेळी दाखवता येत नसत. नववा गळून पडे. एकेक खेळाडू अशा अनेक तुकड्यांचा. म्हणून प्रोग्रॅमर त्यांना आळीपाळीने दाखवत, आणि गर्दीच्या जागी चित्र लुकलुके. गर्दी कुठे होते? बेसपाशी. क्षेत्ररक्षक, धावपटू, चेंडू, सगळे एका ओळीत येतात तिथे. जिथे सर्वांत स्वच्छ दिसायला हवे तिथेच नजर अडखळते.

दुसरी अडचण उंचीची. पडदा सपाट असतो. चेंडू किती वर आहे हे यंत्राला आकड्याने माहीत, आपल्याला सावलीवरून ताडावे लागते. चेंडू हातमोज्यात गेला असे आपल्याला वाटते तेव्हा हिशेबात तो अजून डोक्यावर असतो.

यंत्र जे मोजते ते दाखवत नाही. जे दाखवते ते मोजत नाही. सगळी भांडणे या दोहोंच्या मधल्या जागेत होतात.

*

बरोबरी झाली तर काय?

बेसबॉलमध्ये बोलण्याची एक रीत आहे: बरोबरी धावपटूच्या बाजूची. नियमपुस्तकात हे वाक्य असे नाही. तिथे इतकेच आहे की फलंदाज पहिल्या बेसला लागण्याआधी तो किंवा बेस चेंडूने टिपला गेला तर तो बाद. आधी टिपला गेला नाही, तर तो सेफ. मैदानावर खरी बरोबरी जवळपास नसतेच. काळ सलग वाहतो, कोणीतरी केसभर पुढे असतोच, आणि पंचाचे काम तो केस शोधायचे.

यंत्राचा काळ सलग नाही. त्याचे सेकंदाला ६० तुकडे पाडलेले आहेत. चेंडू आणि धावपटू एकाच तुकड्यात पोचले तर यंत्रापुरते ते एकदमच पोचले. मग प्रोग्रॅममध्ये कोणता प्रश्न आधी लिहिला आहे त्यावर निकाल ठरतो. ‘चेंडू पोचला का?’ हे आधी असेल तर बाद. ‘धावपटू पोचला का?’ हे आधी असेल तर सेफ. लिहिणाऱ्याच्या मनात कोणाविषयी आकस नसतो. दोन ओळी आहेत, एक वर येणार, एक खाली.

आकसाने झालेले अन्याय थोडे. क्रमाने झालेले फार.

*

एकटा माणूस यंत्राविरुद्ध खेळतो तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. प्रतिस्पर्धी आणि पंच एकाच चिपमध्ये राहतात. चेंडू वळवायला तुम्ही कोणती कळ दाबली हे जे यंत्र वाचते, तेच समोरच्या फलंदाजाची बॅट फिरवते, आणि तेच शेवटी स्ट्राइक की बॉल ते सांगते. ते लबाडी करते असे नाही. पण करायची ठरवली तर अडवणारे कोणी नाही, आणि एवढ्यावर विश्वास डळमळतो. जुने बेसबॉल गेम खेळलेला कोणीही भेटला की एक तक्रार ऐकू येते: शेवटच्या डावात कॉम्प्युटर स्वतःच्या बाजूने निकाल घेतो. या तक्रारीत तथ्य किती हा मुद्दा दुय्यम आहे. पंच कोणाच्या घरी जेवतो हे लोक बघतात, आणि त्यांचे बघणे योग्य आहे.

कोनामीच्या १९९१ च्या ‘बेस वॉर्स’मध्ये हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिथे खेळाडू यंत्रमानव आहेत. बेसवर दोघे भिडले की तिथेच मारामारी, आणि जो टिकेल त्याचे खरे. पंच हटवला म्हणून न्याय मोकळा झाला नाही. बळी तो कान पिळी, एवढेच उरले.

*

हा पंच आपल्याकडेही येऊन गेला आहे. नव्वदच्या दशकात निन्टेन्डोच्या यंत्राच्या स्वस्त नकला शहरांत आणि तालुक्यांच्या गावांत मिळू लागल्या. एकेका कॅसेटमध्ये डझनावारी खेळ असत आणि पुष्कळ कॅसेटींत ‘बेसबॉल’ही असे. मारिओ आणि कॉन्ट्रा खेळून कंटाळा आला की मुले तो लावून बघत. घरात टीव्हीवर क्रिकेट, गल्लीत क्रिकेट, बेसबॉल कोणीच पाहिलेला नाही. नियम सांगणारे पुस्तक नकली यंत्रासोबत येत नसे. त्या मुलांना बेसबॉल समजला तो पंच जे देई त्यावरून. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज जातो. चार बॉल झाले की तो चालत पहिल्या बेसवर जातो. तिघे बाद झाले की बाजू बदलते.

निकालावरून नियम शिकलेल्या मुलाला निकाल चुकीचा वाटणार कसा? हरकत घ्यायची तर निकालाच्या बाहेर उभे राहायला जागा लागते, आणि ती जागा म्हणजे नियम. तो ज्याच्या हाती नाही त्याला पंच देईल ते सगळे सारखेच वाटते. न्याय असो की अन्याय, दोन्ही त्याच्या दृष्टीने हवामान.

*

खऱ्या पंचाला काय बघावे लागते ते बघा. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या पायाखालच्या फळीपासून होम प्लेट ६० फूट ६ इंच. वेगवान चेंडू हे अंतर सेकंदाच्या चार-दशांश भागात कापतो. प्लेट १७ इंच रुंद. तिच्यावर हवेत एक चौकट: खालची कड फलंदाजाच्या गुडघ्याच्या वाटीखाली, वरची कड खांदे आणि कंबर यांच्या मध्यावर. न मारलेला चेंडू तिच्यातून गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. फलंदाज बदलला की चौकट बदलते. तिला काठ नाही, रेघ नाही, ती कोणी आखलेली नाही. क्रिकेटचा पंच पायचीत देतो तेव्हा न घडलेले बघतो: पाय आडवा आला नसता तर चेंडू कुठे गेला असता. बेसबॉलचा पंच स्ट्राइक देतो तेव्हा नसलेले बघतो.

बिल क्लेम यांनी १९०५ ते १९४१ नॅशनल लीगमध्ये पंचगिरी केली. त्यांची एक गोष्ट सांगतात. चेंडू बॉल होता की स्ट्राइक, असे कोणी अधीरपणे विचारले. मी सांगेपर्यंत तो काहीच नाही, असे ते म्हणाले. यात ताठा आहे. पण ताठ्याच्या आत एक कबुली आहे: हे मी ठरवले, तेव्हा जाब मलाच विचारा.

आणि लोक जाब विचारत. बाल्टिमोर ओरिओल्सचे मॅनेजर अर्ल वीव्हर टोपीचा पुढचा भाग मागे फिरवून पंचाच्या नाकाला नाक भिडवत. टोपी पंचाला लागू नये एवढी काळजी त्या संतापातही असे. अटलांटाचे बॉबी कॉक्स यांना पंचांनी नियमित हंगामांत १५८ वेळा मैदानाबाहेर काढले. तो विक्रम आहे. या भांडणांनी निकाल क्वचितच बदलला. तरी माणसे भांडत राहिली, कारण समोर ऐकणारा होता. ज्याने पाहिले त्याला ‘नीट पाहिले नाहीस’ असे म्हणता येते. व्हिडिओ गेमपुढे रिमोट आपटणाऱ्या मुलाला भांडायला माणूसच मिळालेला नसतो. १९८७ साली एका कॉम्प्युटर गेमला याच वीव्हर यांचे नाव दिले गेले, आणि खेळातले डावपेच त्यांच्या विचारांवर बेतले गेले. त्यांचे निम्मे आयुष्य ज्याच्याशी हुज्जत घालण्यात गेले, तो माणूस मात्र कोणत्याही चिपमध्ये मावत नव्हता.

*

१९८५ चा ऑक्टोबर. निन्टेन्डोने आपले यंत्र अमेरिकेत पहिल्यांदा विकायला ठेवले, न्यूयॉर्कमध्ये. सोबतच्या खेळांत ‘बेसबॉल’ होता. त्याच महिन्याच्या २६ तारखेला कॅन्सस सिटीत वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना झाला. सेंट लुइस कार्डिनल्स मालिकेत ३-२ ने पुढे, सामन्यात १-० ने पुढे, आणि नववा डाव सुरू. कॅन्सस सिटीचा होर्हे ओर्टा पहिल्या बेसकडे धावला. चेंडू आधी पोचला. पंच डॉन डेंकिंजर यांनी सेफ दिले. कॅन्सस सिटीने तो सामना २-१ ने घेतला आणि दुसऱ्या दिवशी ११-० ने विजेतेपद. डेंकिंजर यांना धमकीची पत्रे आली. चूक झाली हे त्यांनी मान्य केले आणि पुढे रिप्लेचा पुरस्कार केला.

एका महिन्यात अमेरिकेपुढे दोन पंच आले. एक पाहून चुकला. दुसरा न पाहता बरोबर.

पहिल्याला धमक्या देणाऱ्यांची मला चीड येते. पण दुसऱ्याला धमकी देता येत नाही हे त्याचे मोठेपण समजायला मी तयार नाही. ज्याला शिवी लागत नाही त्याला लाजही लागत नाही.

*

२ जून २०१०, डेट्रॉइट. टायगर्सचा आर्मांडो गलारागा क्लीव्हलंडविरुद्ध पिचिंग करत होता. व्हेनेझुएलाचा मुलगा, फारसे नाव नसलेला. आठ डाव आणि दोन तृतीयांश झाले, २६ फलंदाज आले, २६ बाद. एकही बेसवर पोचला नव्हता. सत्ताविसावा बाद झाला की परफेक्ट गेम. अमेरिकेच्या मेजर लीगच्या सगळ्या इतिहासात तोवर असे अवघे २० झाले होते.

सत्ताविसावा फलंदाज जेसन डोनाल्ड. त्याने चेंडू जमिनीवरून मारला. मिगेल कॅब्रेराने उजवीकडे जाऊन उचलला, पहिल्या बेसकडे फेकला. गलारागा स्वतः धावत तिथे पोचला होता. चेंडू हातात, पाय बेसवर, धावपटू अजून मागे. पंच जिम जॉइस यांनी दोन्ही हात पसरले. सेफ.

गलारागा हसला. संताप नाही, शिवी नाही, टोपी फेकणे नाही. तो माघारी वळला आणि पुढच्या फलंदाजाला बाद करून सामना संपवला.

जॉइस यांनी आत जाऊन रिप्ले पाहिला. मग त्यांनी गलारागाला भेटायला बोलावले, मिठी मारली, रडत माफी मागितली. त्या मुलाची आयुष्यातली मोठी गोष्ट आपण हिरावली, हे त्यांनी पत्रकारांपुढेही आडपडदा न ठेवता सांगितले. दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या असे त्यांना सुचवले गेले होते. ते आले, होम प्लेटमागे उभे राहिले. सामन्याआधी खेळाडूंची यादी पंचाकडे नेऊन द्यायची असते. टायगर्सनी ती गलारागाच्या हाती पाठवली. जॉइस डोळे पुसत होते. त्यांनी यादी घेतली आणि त्याच्या खांद्यावर थोपटले.

निकाल बदलला नाही. आजही नोंदवहीत ती एक साधी हिट आहे.

या प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो ते चुकीसाठी नाही. चूक तर व्हिडिओ गेममध्ये रोज होते. पण माफी मागायला आधी पाहिलेले असावे लागते. ज्याने पाहिलेच नाही तो चुकला तरी चुकलेला नसतो, आणि त्याला क्षमा करणाऱ्याच्या हाती काही देता येत नाही. क्षमेलाही पत्ता लागतो.

*

दक्षिण कोरियाच्या केबीओ लीगने २०२४ पासून बॉल-स्ट्राइकचा निर्णय पूर्णपणे यंत्राकडे दिला. कॅमेरे चेंडूचा मार्ग मोजतात, निकाल पंचाच्या कानातल्या इअरफोनवर येतो, पंच तो हाताने दाखवतो. कॅचरच्या पाठीमागे उभा असलेला, न बघणारा, सांगितले की बोलणारा पंच. १९८३ सालचे चित्र आता मैदानात उभे आहे, आणि त्याला घाम येतो.

त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अनुभवी पिचर रयू ह्युन-जिन याने बोलून दाखवले की मैदानागणिक चौकट वेगळी भासते. लीगने त्याच्या चेंडूंची मोजमापे जाहीर केली. तक्रार नजरेची होती, उत्तर आकड्यांनी मिळाले. दोघेही आपापल्या जागी खरे असतील. गाठ पडली नाही.

त्याच महिन्यात देगू येथे याहून गंभीर प्रकार घडला. यंत्राने एका चेंडूला स्ट्राइक म्हटले. पंचाने ते ऐकले नाही आणि बॉल धरला गेला. काही चेंडूंनंतर एनसी डायनोज संघाने टॅब्लेटवर ते पाहून हरकत घेतली. पंच एकत्र जमले. त्यांचे बोलणे टीव्हीच्या माइकने टिपले: यंत्राकडूनच बॉल ऐकू आला असे सांगू, यातून सुटायला तेवढा एकच मार्ग आहे, अशा अर्थाचे. लीगने त्यांतल्या एका पंचाशी करार संपवला, इतरांना निलंबित केले.

या पंचांचा बचाव मी करणार नाही. पण तो मार्ग त्यांना सुचला कसा, याचा विचार करायला हवा. माणसाकडून बघणे काढून घेतले, फक्त ऐकून सांगणे ठेवले, की अडचणीच्या वेळी तो ऐकू येण्याचेच कारण पुढे करणार. जॉइस यांच्याकडे असे कारण नव्हते. त्यांच्याकडे दोन डोळे होते आणि त्यांनीच दगा दिला होता. म्हणून त्यांना रडू आले.

यंत्राला माझा विरोध नाही. ते नीट मोजते, पंचाहून नीट मोजते, आणि गलारागासारख्या मुलाचा हक्क बुडू नये म्हणून ते हवेच. २०१० साली डेट्रॉइटला आजचा रिप्ले असता तर एकविसावा परफेक्ट गेम त्याच दिवशी झाला असता. प्रश्न मोजण्याच्या आधी कोण बघणार याचा आहे. क्रिकेटने डीआरएसमध्ये ‘अंपायर्स कॉल’ ठेवला आहे: चेंडू यष्टीला जेमतेम घासतो असे यंत्र दाखवते तेव्हा मैदानावरच्या पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. अनेकांना ते खटकते. मला त्यात शहाणपण दिसते.

अमेरिकेच्या मेजर लीगने सप्टेंबर २०२५ मध्ये यंत्र स्वीकारले, २०२६ च्या हंगामापासून, पण निराळ्या अटीवर. प्रत्येक चेंडू आधी पंच बघणार आणि पंचच देणार. हरकत घ्यायची तर पिचर, कॅचर किंवा फलंदाज यांनीच, तिथल्या तिथे, बाहेरून इशारा न घेता, टोपीला किंवा हेल्मेटला हात लावून. प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन हरकती. हरकत खरी ठरली तर ती शिल्लक राहते. हरकत घेतली की यंत्राचा निकाल सगळ्या मैदानाला मोठ्या पडद्यावर दिसतो, पंचालाही. ज्याने पाहिले तो चुकला हे त्याच्यादेखत कळते, आणि पुढचा चेंडू पुन्हा त्यालाच बघायचा असतो.

कोरियाची रीत आणि ही रीत यांत निवड करायची तर मी ही दुसरी घेईन.